एकवीरामाऊलीची रेघ

होडी पाण्यात जायच्या दिवशी गिरिजा भाईंदरच्या बंदरावर पोहोचली, तेव्हा तिला होडीच्या आधी होडीमालकाच्या मुलाची, विकीची, मोटरसायकल दिसली. मोटरसायकलला पुठ्ठ्याची एक लांब नळी आडवी बांधलेली होती. त्या नळीत काय आहे हे एवढ्या गर्दीत दोघांनाच ठाऊक होतं, एक विकीला आणि दुसरं तिला.

नळीत स्टिकर होतं. पिवळी अक्षरं, लाल सावली, पांढरी कड, आणि नाव 'एकवीरामाऊली'. हेच नाव तिच्या वडिलांनी, पंढरीनाथ पेंटरांनी, होडीच्या पुढच्या निमुळत्या अंगावर हाताने रंगवलं होतं, अगदी त्याच वळणात. फरक एवढाच होता की स्टिकरवरच्या अक्षरांना डोक्यावरची रेघ होती आणि होडीवरच्या अक्षरांना ती अजून नव्हती.

ही रेघेची रीत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही उमजायचं नाही. सगळेच पेंटर ती पाळतात असं नाही. ही पंढरीनाथांची रीत, आणि त्यांना ती त्यांच्या गुरूकडून, बाबाजी पेंटरांकडून मिळालेली. होडीचं नाव लिहायचं ते बिनरेघेचं. अक्षरं पुरी रंगवायची, सावली घालायची, कड काढायची, पण वरची रेघ मोकळी सोडायची. होडी पाण्यात जायच्या दिवशी पूजा झाली, नारळ वाढवला, भरती चढली, की मग ब्रश भरून घ्यायचा आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एका दमात रेघ ओढायची. मध्ये ब्रश उचलायचा नाही. बाबाजी म्हणायचे, "अक्षरं म्हंजे खलाशी. रेघ न्हाय तवर किनाऱ्यावर बसलेले. रेघ वडली का एका होडीत चढले." रेघ तुटली तर काय, ते बाबाजी बोलत नसत. नुसते कानाला हात लावत. म्हणूनच पंढरीनाथ दोन शब्दांचं नावसुद्धा जागा न सोडता, सलग लिहीत.

पंढरीनाथ जातीचे कोळी, पण समुद्राचं आणि त्यांचं कधी जमलंच नाही. पोरवयात बापाबरोबर होडीवर गेले, की खाडीच्या तोंडाशी लाटा लागताच हे होडीचा काठ धरून ओकायचे. सगळा कोळीवाडा हसायचा. "पानी बघून उलट्या करनारा कोळी आमच्यातच जल्मला," असं त्यांचा बापच लोकांना सांगायचा. शेवटी बापाने कंटाळून त्यांना बाबाजींच्या हाताखाली घातलं. बाबाजी स्टेशनकडच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मिठाच्या वखारींच्या दारांवर नावं टाकायचे. फुगीर पोटाचा 'क', गळाच्या आकड्यासारखा खाली वळलेला काना, वारा भरलेल्या शिडासारखी वेलांटी, हे सगळं पंढरीनाथांनी तिथे उचललं आणि मग होड्यांवर आणलं. पुढे असं झालं की ज्या समुद्रात हे जाऊ शकले नाहीत, तिथे यांची अक्षरं मात्र रोज जात राहिली. बायको कमळाबाई अजून म्हणते, "एकवीरा आईने यांना किनाऱ्यावर ठेवलं ते काय उगीच न्हाय."

गिरिजा त्यांची एकुलती एक. लग्न होऊन मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये आली. नवरा नीरज नोकरीवाला, साधा माणूस. ती शांती नगरमध्ये हंसाबेनच्या फ्लेक्स-स्टिकरच्या दुकानात कम्प्युटरवर बसते. वाढदिवसाचे बॅनर, दुकानांचे बोर्ड, हळदीकुंकवाच्या पत्रिका. अलीकडे गिऱ्हाइकांना नवीनच वेड लागलंय. चकचकीत काचेचं कॅफे काढतील आणि म्हणतील, "मॅडम, लेटरिंग एकदम विंटेज पाहिजे. पुराना इराणी टाइप." मग गिरिजा नव्या अक्षरांना ओरखडे पाडून, रंग उडाल्यासारखं करून द्यायची. एक दिवस तिने मोबाइलवर बापाने रंगवलेल्या जुन्या होडीचा फोटो हंसाबेनला दाखवला. हंसाबेन चष्मा वर करून बघतच राहिली. "अरे गिरिजा, ये तो असली है! लोग नकली पुराना माँगते हैं, तेरे घर में असली पड़ा है. डाल ना कम्प्युटर में!"

तिथून फाँटाचं काम सुरू झालं, म्हणजे बापाच्या वळणाची अक्षरं कम्प्युटरवर टाइप करता येतील अशी करायचं. गिरिजा सुट्टीच्या दिवशी बंदरावर जाऊन होड्यांचे फोटो काढायची. रस्ता रुंद करताना उतरवलेल्या दुकानांच्या पाट्या भंगारवाल्याकडून शोधून आणायची. घरचं आवरलं, देवापुढे दिवा लावला, की कम्प्युटरवर एकेका अक्षराची कड ओढत बसायची. पण फाँटाला सगळी अक्षरं लागतात, आणि होड्यांच्या नावात सगळी कुठून यायची? ती बापाकडे गेली.

"बाबा, मला 'ङ' काढून द्या."

"ङ नावाची होडी मी जल्मात बघितली न्हाय."

"होडीसाठी नाही, फाँटासाठी."

"मंग तुझ्या फाँटालाच होडी म्हन आनि ढकल पान्यात," असं कुरकुरत त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर 'ङ' काढला, 'ञ' काढला, 'ठ' काढला. सगळी बाराखडी काढून दिली. फक्त रेघ दिली नाही. "रेघ मिळनार न्हाय. ती पान्यावर जातानाच."

मग गिरिजाने रेघ स्वतःच केली, कम्प्युटरच्या फाँटात करतात तशी. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघेचा आपापला तुकडा. अक्षरं शेजारी आली की तुकड्याला तुकडा भिडतो आणि बघणाऱ्याला सलग रेघ दिसते. पुण्याच्या अक्षरं बनवणाऱ्या काही मंडळींनी तो फाँट घेतला. त्याला 'नाखवा' असं नाव दिलं, आणि खाली पंढरीनाथांचं नाव घातलं. वर्षभरात तो कुठे कुठे पोचला! मिसळीच्या हॉटेलांवर, लग्नपत्रिकांवर, मसाल्याच्या पुड्यांवर. गिरिजाने हौसेने बापाला स्क्रीनवर दाखवला. पंढरीनाथ बराच वेळ नाक लावून बघत होते. "मोठं करून दाव," म्हणाले. तिने मोठं केलं. आणखी मोठं. मग त्यांनी जिथे दोन अक्षरं भिडतात तिथे बोट ठेवलं.

"हे तुकडे हायेत."

"दिसत नाहीत हो बाबा."

"दिसत न्हाईत. पन हायेत."

तेवढंच बोलले. तिला ते आत कुठेतरी लागलं.

आणि मग शिमग्याच्या सुमारास त्यांचा हात हलायला लागला. आधी बशी वाजायची. कमळाबाईंनी मुकाट्याने कपबशी बंद करून स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप तेवढी यायची. बाहेर कोणाला सांगायचं नाही, हा पंढरीनाथांचा हुकूम. अक्षर रंगवताना पेंटर मनगटाखाली टेकणकाठी धरतो, तिच्यावर हात टेकून ते थोडं थोडं, दमादमाने काढता येतं. तसं करत त्यांनी गोवर्धन नाखव्याच्या नव्या होडीचं नाव पुरं केलं होतं, आणि काय सुरेख केलं होतं! पण रेघेला टेकणकाठी चालत नाही. रेघ म्हणजे हात पुढे, पाय पुढे, माणूस सगळाच चालता.

विकी हा गोवर्धनचा मुलगा. तो थेट शांती नगरला दुकानात आला होता. "ताई, काकांचा हात बघितला मी. पप्पांना अजून माहीत नाय. रेघ तुटली ना, तर पप्पा होडी पाण्यात घालणारच नाय. मागच्या साली आमची जुनी होडी बंद पडून वाहत गेली होती, तेव्हापासून ते लय घाबरतात. तू एक स्टिकर काढून ठेव. लागलंच तर लावू. काकांचंच अक्षर आहे ना? मग कसली फसवणूक?"

गिरिजाला नाही म्हणता आलं नाही. बाप भर बंदरात खजील झाला तर, या एकाच विचाराने तिने ते स्टिकर कापून दिलं. देवापुढे बसली तेव्हा मात्र तिला वर तोंड करून एकवीरा आईच्या तसबिरीकडे बघवेना.

तर असा तो दिवस.

श्रावणातली उघडीप होती, पण गोराई गावाच्या बाजूला काळं आभाळ भरत होतं. होडी उतारावर लाकडी ओंडक्यांवर उभी, तोंड खाडीकडे. निळं अंग, पांढरा पट्टा, त्यावर पिवळी अक्षरं, बोडक्या डोक्यांची. पुढे ओढायला दोर, मागे धरून ठेवायला दोर, दोन्हीकडे माणसं. गोवर्धनची म्हातारी आई विमलाबाई खुर्चीवर बसून सगळ्यांना ओरडत होती.

पंढरीनाथ पांढरा सदरा घालून आले. कमळाबाई त्यांच्या मागून आली आणि लेकीच्या कानाशी लागली. "सदऱ्याची बटनं आज मी लावली. न्हाय जमली त्यांना."

"आई, मग त्यांना थांबव ना!"

"माझं ऐकतील? तू बोल."

गिरिजा पुढे गेली. "बाबा, आज नको. तब्येत बरी नाही म्हणून सांगू या."

पंढरीनाथांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नाव अर्धं टाकून घरी जाऊ? बाजूला हो."

पूजा झाली. ओटी भरली, नारळ वाढवला. भरती चढत चढत ओंडक्यांच्या टोकाला आली. होडीच्या अंगालगत पिंपांवर फळी टाकली होती, रेघ ओढत चालायला. पंढरीनाथ फळीवर चढले. रुंद ब्रश पिवळ्या रंगात बुडवला, डब्याच्या काठावर निथळला आणि पहिल्या 'ए'च्या डोक्याशी नेला.

ब्रश हवेतच थरथरू लागला. रंगाचा एक थेंब पांढऱ्या पट्ट्यावर पडला आणि खाली ओघळला.

दोर धरलेली माणसं माना उंचावून बघू लागली. लोकांना काय ते कळलं नसेल, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. गोवर्धन पुढे झाला. "पंढरीदादा, काय झालं?"

"काय न्हाय. चष्मा घसरला."

"चष्मा तं जागेवर हाय."

पंढरीनाथांनी उजवा हात डाव्याने धरला. आता दोन्ही थरथरायला लागले. विकी गर्दीतून वाट काढत आला, नळीचं झाकण त्याने उघडलंच होतं. गिरिजाने त्याला मानेने 'नको, नको' म्हटलं. पण तो बापाच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"पप्पा, थांबा. माझ्याकडे आहे." त्याने दोन पोरांना धरायला लावून स्टिकर उलगडलं. "वरून फक्त लावायचंय. काकांचंच अक्षर हाय. फाँट हाय काकांचा. बघा, सेम."

गोवर्धनने होडीकडे बघितलं, स्टिकरकडे बघितलं, परत होडीकडे. पंढरीनाथ फळीवरून सावकाश खाली उतरले आणि स्टिकरजवळ आले. आपलीच अक्षरं त्यांनी वाचली. बोट रेघेवरून शेवटापर्यंत फिरवलं.

"कोनी कापलं?"

विकी खाली बघू लागला. गिरिजा पुढे आली. "मी, बाबा."

"कवा?"

"झाले थोडे दिवस."

"म्हंजे मी हितं अक्षरं भरत होतो, तवाच." त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. "सरळ हाय रेघ. माझ्यापरीस सरळ हाय. लावा मंग."

ते ब्रश पुसायला फडकं शोधू लागले. तेवढ्यात विमलाबाई खुर्चीतून उठली. "काय लावा? पिलास्टिक? आईच्या नावाला पिलास्टिक चिकटवतंस, विकी? उद्या मना पन पिलास्टिकची आजी आन!"

"आजी, ते टिकतं गं. पाण्याने जात नाय."

"गोवर्धन, तू बोल काय तरी!"

गोवर्धनच्या कपाळावर घाम होता. "रेघ वडायची असते, चिकटवायची न्हाय. पन वाकडी झाली, तुटली, तं मी या होडीत पोरांना बसवनार कसा? दादा, तुमीच सांगा. वडाल का?"

 पंढरीनाथांनी ब्रश डाव्या हातात घेतला. मग जे पाच महिने घराबाहेर जाऊ दिलं नव्हतं, ते सगळ्या बंदरासमोर बोलले. "माझा हात हालतो, गोवर्धन. शिमग्यापासनं. तुझ्यापासनं लपवलं मी. काढलेलं अक्षर बघून मना वाटलं, रेघ पन होईल. न्हाय होत."

कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला. मागे कोणीतरी म्हणालं, "पानी फिरेल आता." भरती काही कोणासाठी थांबत नाही. आजची गेली तर पुढचा मुहूर्त धरायचा. आणि बोडक्या नावाची होडी किनाऱ्यावर ठेवून सगळे घरी गेले, तर पंढरीनाथ पेंटर पुन्हा या बंदरावर पाय ठेवणार नाहीत, हे गिरिजाला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

ती त्या पोरांच्या हातातल्या स्टिकरकडे बघत होती. रेघेकडेच. आणि तिला ती रेघ कापली गेली तो क्षण आठवला. दुकानातलं कापायचं मशीन असं असतं, की लांब रेघ कापताना त्याचं पातं हलतच नाही. पातं जागच्या जागी टेकून राहतं आणि खालून स्टिकरचा कागदच सरकत जातो. ती रोज बघते ते. आजवर त्यात बघण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, आणि आवाज इतका मोठा निघाला की तिची तीच दचकली. "तुम्ही हलू नका. तुम्ही उभे राहा नुसते. होडी हलू दे."

"काय बोलतंस?"

"होडी खाली जायचीच आहे ना? तिचं तोंड पाण्याकडे, नाव तोंडापासून मागे लिहिलेलं. तुम्ही 'ए'वर ब्रश टेकवून जागच्या जागी थांबा. होडी पुढे सरकेल तशी अक्षरं तुमच्या ब्रशाखालून जातील. रेघ आपोआप ओढली जाईल."

"आपोआप!" विकी म्हणाला. "ताई, एवढी मोठी होडी आहे. धक्का बसला तर काका चिरडतील!"

"मागचा दोर धरून सोडा ना, हळूहळू. नेहमी धरताच की."

गोवर्धन उताराकडे बघत होता. ओंडके, दोर, दोर बांधायचा तो जुना लोखंडी खांब, जो नावाच्या सुरुवातीशी, होडीच्या अंगापासून जेमतेम अडीच हातावर होता. "मंग ती रेघ कोनी वडली म्हनायची? दादांनी, का होडीने?"

 उत्तर दिलं विमलाबाईने. "होडीने वडली तं वाईट काय? आई सोताच्या हाताने कुंकू लावून घेईल. उचला दोर!"

पंढरीनाथ अजून जागचे हलले नव्हते. कमळाबाई त्यांच्यापुढे आली. नवऱ्याशी चारचौघांत फारसं न बोलणारी बाई, पण म्हणाली, "जावा, उभे ऱ्हावा. गिरिजा हाय मागं."

फळी काढली, पिंपं काढली. गिरिजा खांबाच्या बुडाशी असलेल्या दगडी ओट्यावर चढली, तिने खांबाला पाठ लावली आणि वडिलांना वर घेऊन आपल्यापुढे उभं केलं. त्यांची पाठ तिच्या छातीशी. दोन्ही कोपरं त्यांच्या बरगड्यांशी दाबून तिने बाहेरून आपल्या हातांनी गच्च धरली. त्यांनी दोन्ही मुठींत ब्रश धरला. थरथर होतीच, ती तिच्या हातांना कळत होती, पण अशी आवळून धरल्यावर ब्रशाच्या टोकापर्यंत तिचा थोडाच भाग पोचत होता. समोर हातभर अंतरावर होडीचं निळं अंग भिंतीसारखं उभं. ताज्या रंगाचा वास. त्यांनी ब्रश 'ए'च्या डोक्याला टेकवला.

"आई एकवीरे," गिरिजा मनात म्हणाली. पुढे काय मागायचं ते सुचलंच नाही.

"सोड!" गोवर्धन ओरडला. "दमानं! मागचे, धरून ऱ्हावा!"

ओंडका करकरला. होडी सरकली, इतकी हळू की आधी वाटलं आपल्यालाच चक्कर येतेय. ब्रशाखाली पिवळी रेघ उमटू लागली. 'ए' गेला. 'क' गेला. वेलांटीच्या बुंध्यातून रेघ पार झाली आणि 'वी' गेली. होडीचं अंग पुढे निमुळतं आणि मागे फुगत जाणारं, त्यामुळे ती सरकेल तसं अंग जवळ जवळ येत होतं, ब्रशाला रेटत होतं. ब्रश पंढरीनाथांना रेटत होता, आणि पंढरीनाथ तिला. खांबाचा गंज तिच्या पाठीत रुतायला लागला.

"बाबा, श्वास घ्या."

"तूच घे. तुझाच थांबलाय."

'रा' गेला. 'मा' अर्ध्यावर आला आणि होडी थांबली.

"काय झालं?" "ओंडका तिरका झाला!" "वडा!" "नको, वडू नको, कलंडेल!" एकाच वेळी दहा तोंडं. गोवर्धन वाकून होडीखाली बघत होता. इकडे ब्रश 'मा'च्या डोक्यावर टेकलेला, उचलायचा नाही. रंग साचू लागला. एक जाड थेंब कान्यावरून उतरू लागला. आणि होडी थांबल्यावर त्यांचा हात जास्तच हलायला लागला. गिरिजाला तो खांद्यापर्यंत जाणवू लागला. तिने आपलं सगळं बळ लावून कोपरं आवळली, इतकी की उद्या वळ दिसतील.

"उचलू?" पंढरीनाथ हळूच म्हणाले. पोरीला विचारावं तसं नाही, बाबाजींना विचारावं तसं.

"नाही. नाही उचलायचा."

"हात जातोय, गिरिजे."

"माझे आहेत ना. हे धरलेत मी."

पाण्यात उडी पडल्याचा आवाज आला. विकी होता. कमरेइतक्या पाण्यात उतरून तो ओंडक्याच्या टोकाशी गेला, खांदा लावला, आणि असा काही ओरडला की ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. ओंडका सरळ झाला. "पुढचे, जोर! मागचे, धरा, धरा, धरा!" होडीने एक आचका दिला आणि ब्रश त्यांच्या मुठीत करकन वळला. पंढरीनाथ तोंडातून आवाज न काढता होडीकडे झुकले, म्हणजे ती जाताना ब्रश सुटू नये. गिरिजा त्यांच्याबरोबर झुकली. 'मा' पुरा झाला. 'ऊ' आला. आता वेग वाढला होता. आता ते कोणाच्या हातात नव्हतं. 'ली'ची वेलांटी त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकली, रेघ तिच्यापार गेली, पांढऱ्या पट्ट्यावर वीतभर पुढे धावली, आणि गिरिजाने वडिलांना दोन्ही हातांनी मागे खेचलं.

होडीचं फुगलेलं अंग त्यांच्या नाकासमोरून सळसळत गेलं आणि पाण्यात शिरलं. खाडी दोन्ही बाजूंना उसळली. मग बंदरावर जो आरडाओरडा झाला, त्यात कोण काय म्हणतंय ते देवालाच कळलं असेल. विमलाबाई रडत होती आणि रडता रडता विकीला नाक पुसायला सांगत होती. गोवर्धन गुडघाभर पाण्यात उभा राहून होडीकडे हात जोडून होता.

होडी दोरावर वळली तशी सगळ्यांना नाव दिसलं. एकवीरामाऊली. रेघ सलग होती. 'मा'वर जाड गाठ झाली होती, तिथून एक ओघळ खाली आला होता, आणि शेवटी 'ली'वर रेघ बोटभर खाली उतरली होती.

"थांबव रे तिला!" पंढरीनाथ ओरडले. "गोवर्धन, परत वर घे. 'ली'वर रेघ उतरलीय. दुरुस्त करतो."

"दादा, आता ती येत न्हाय."

"अरे ओघळ तरी पुसू दे! लोक म्हनतील पंढरीचं काम हाय हे?"

"म्हनू दे की. तुमचंच हाय!" गोवर्धन पाण्यातूनच म्हणाला, आणि होडीवर चढायला निघून गेला.

पंढरीनाथ बडबडत राहिले. ओंडक्याला तेल कमी पडलं, पोरांना दोर धरायची अक्कल नाही, बाबाजी असते तर एकेकाच्या पाठीत टेकणकाठी घातली असती. स्टिकर धरलेली दोन पोरं आता त्याचं काय करायचं म्हणून एकमेकांकडे बघत होती. गिरिजा वडिलांसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्या मुठी अजून ब्रशावर आवळलेल्या होत्या, उघडायला तयार नव्हत्या. तिने एकेक बोट सोडवायला घेतलं.

"रागावलात माझ्यावर?"

"कशापायी? स्टिकरपायी?" त्यांनी जरा विचार केला. "रागावलोय. घरी गेल्यावर बोलीन. आता न्हाय."

"बरं."

"हळू, अंगठा दुखतोय."

ब्रश सुटून वाळूत पडला. कमळाबाईंनी तो उचलला, पदराच्या कडेने दांडा पुसला आणि रॉकेल कुठे आहे म्हणून ओरडून विचारलं, ब्रश वाळायच्या आत धुवायला. पंढरीनाथांचा पिवळा, थरथरणारा हात लेकीच्या हातात होता. एरवी त्यांनी तो लगेच खिशात घातला असता. आज तो त्यांनी तिथेच राहू दिला, सगळ्या बंदरादेखत, आणि मान वाकडी करून ते पाण्यावरच्या 'ली'कडे बघत राहिले.